सेल्फ फंडेड पीएचडी (इंजिनिअरिंग / फिजिक्स) : प्रोजेक्ट आणि गाइड शोधायचा कसा?

गोदाकाठ :

नमस्कार मंडळी, लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं, आज लिहूनच टाकते. मी नाशिकची, वय ३४, बीई मेकॅनिकल, मग पुणे विद्यापीठातून एमई हीट पॉवर. गेली ९ वर्षं अंबड एमआयडीसीत एका कंपनीत आहे, आम्ही मोठ्या ड्राइव्हचे आणि इन्व्हर्टरचे पॅनल बनवतो आणि त्यातलं कूलिंगचं सगळं काम माझ्याकडे असतं. पीएचडी करायची इच्छा एमई झाल्यापासूनची, पण आधी लग्न मग मुलगी मग सासूबाईंचं आजारपण, राहतच गेलं. आता मुलगी पहिलीत गेलीये आणि नवरा म्हणतोय की आत्ता नाही तर मग कधी.

विषय डोक्यात पक्का आहे, उकळण्यातून उष्णता काढणे म्हणजे बॉइलिंग, आणि ते पॉवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कूलिंगसाठी. यूकेच्या युनिव्हर्सिट्यांना सप्टेंबरपासून मेल करतेय, आत्तापर्यंत ४१ मेल केले, ३ उत्तरं आली. त्यातल्या दोघांनी 'सध्या जागा नाही' असं कळवलं आणि तिसऱ्यांनी एका ओळीत विचारलं, तुमचं फंडिंग काय आहे? ते वाचून वाटलं की बहुतेक पैशासाठीच गाडी अडतेय, म्हणून मग फाइंड अ पीएचडी या जाहिरातींच्या साइटवर 'फक्त सेल्फ फंडेड (म्हणजे स्वतःच्या खर्चाने करणाऱ्या) विद्यार्थ्यांसाठी' असा शिक्का असलेले प्रोजेक्ट बघायला लागले. भरपूर आहेत! पण आनंद मानायचा का घाबरायचं हेच कळत नाहीये.

आमच्याकडे दोघांची मिळून साठवणूक साधारण ४५ लाख आहे. सासरे म्हणतात गंगापूर रोडचा प्लॉट विकू, शिकायचंय ना तुला. त्यांनी हे म्हटल्यापासून मला झोप नीट लागत नाहीये. कोणी स्वतःच्या खर्चाने केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

प्रयोगवही :

ताई, आधी एक सांगतो, प्लॉट विकू नका. निदान हा धागा संपेपर्यंत तरी नको.

मी इंग्लंडच्या उत्तर भागात पीएचडी केली, फ्लुइड्समध्ये, पहिलं वर्ष पूर्ण स्वतःच्या पैशाने. दुसऱ्या वर्षी डिपार्टमेंटने फी माफ केली. पण माझ्याबरोबर आलेला एक नायजेरियन मुलगा होता, माझ्यापेक्षा हुशार, त्याला नाही मिळाली माफी आणि तो दीड वर्षाने परत गेला. म्हणून 'पुढे मिळेल काहीतरी' हे हिशेबात धरायचंच नाही.

हिशेब बघा. परदेशी विद्यार्थ्याला इंजिनिअरिंग पीएचडीची फी बहुतेक ठिकाणी वर्षाला २५ ते ३५ हजार पाऊंड, २८ धरू. तीन वर्षांचे ८४ हजार. लंडनबाहेर एकट्या माणसाने काटकसरीने राहायचं तरी महिना १,२०० लागतात, त्याचे ३६ महिन्यांचे ४३,२००. हेल्थ सरचार्ज, म्हणजे तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेचे पैसे, विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६, कोर्सनंतरचे चार महिने व्हिसात धरतात म्हणून तीन वर्षांच्या कोर्सला २,७१६ आणि तो सगळा व्हिसा अर्जाबरोबर एकदम भरायचा. घरचे दोघं आले तर त्यांचाही प्रत्येकी तेवढाच. शिवाय बेंच फी. ही कुठे शून्य असते कुठे वर्षाला काही हजार, लॅबमधलं सामान, गॅस, मशीनचा वेळ यासाठी घेतात आणि जाहिरातीत बऱ्याचदा एका कोपऱ्यात लिहिलेली असते. ३ हजार धरली तर तीन वर्षांचे ९ हजार. सगळं मिळून १ लाख ३९ हजारच्या आसपास, पाऊंड ११५ रुपये जरी धरला तरी दीड कोटीच्या वर जातं, हे एकटीचं. आणि प्रयोगाची पीएचडी तीन वर्षांत उरकलेली मी फार कमी पाहिली, साडेतीन-चार लागतात. म्हणजे प्लॉट विकूनही पुरेल का नाही कुणास ठाऊक.

आता त्या शिक्क्याबद्दल. प्रोफेसरकडे कल्पना असते, कधीकधी रिगही (प्रयोगाची मांडणी) उभी असते, पण त्या कामाला ग्रँट म्हणजे संशोधनाचा निधी नसतो, म्हणून ते जाहिरात टाकून ठेवतात की कोणी स्वतःचे पैसे घेऊन आलं तर करू. यात वाईट काही नाही, माझा प्रोजेक्ट असाच मिळाला होता. फक्त त्यातल्या किती जाहिराती जिवंत आहेत ते जाहिरात वाचून कळत नाही. काही तीन-तीन वर्षं तशाच पडून असतात. कळण्याचा मार्ग म्हणजे यूकेआरआय, म्हणजे संशोधनाला पैसे देणारी तिकडची सरकारी संस्था, तिची गेटवे टू रिसर्च नावाची साइट आहे, सगळ्यांना खुली. तिथे प्रोफेसरचं नाव टाकलं की त्यांच्याकडे सरकारी ग्रँट कुठली, किती रकमेची आणि कधी संपतेय ते दिसतं. ग्रँट पुढची दोन-तीन वर्षं चालू असेल तर त्या लॅबमध्ये पोस्टडॉक (पीएचडी झालेले संशोधक) असणार, टेक्निशियन असणार, काही बिघडलं तर दुरुस्त होणार. सगळ्या ग्रँट संपलेल्या असतील आणि प्रोजेक्ट प्रयोगाचा असेल तर तुमची फी जाईल युनिव्हर्सिटीच्या खात्यात, आणि तुम्ही बसाल पंप दुरुस्त व्हायची वाट बघत.

रसिकमन :

प्रयोगवही म्हणतात ते शंभर टक्के. माझ्या बहिणीच्या बाबतीत (इंग्लंडच, युनिव्हर्सिटीचं नाव लिहीत नाही) १४ महिने झाल्यावर तिचे सुपरवायझर दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेले. ज्यांना त्यांच्या ग्रँटमधून स्टायपेंड होता ती दोघं त्यांच्याबरोबर गेली. ही सेल्फ फंडेड, हिला सांगितलं की तिकडे यायचं तर नव्याने अर्ज, नवीन फी, नवीन व्हिसा. ती मागेच राहिली आणि दुसऱ्या कोणाच्या तरी हाताखाली विषय अर्धा बदलून पूर्ण केली. झाली पीएचडी, पण ते वर्ष तिचं आणि आमच्या घरातलं सगळ्यांचंच फार वाईट गेलं. आई रोज रात्री फोन करायची आणि दोघी एकमेकींना सांगायच्या की सगळं ठीक आहे.

म्हणून दुसरा सुपरवायझर कोण आहे हे आधीच विचारा. कागदावर नाव सगळीकडे असतं, पण तो माणूस खरंच या विषयातला आहे का आणि त्याच्याशी तुमचं एकदा तरी बोलणं झालंय का ते महत्त्वाचं.

खोडदरस्ता :

फिजिक्सवाल्यांसाठी माझे चार शब्द, कारण शीर्षकात फिजिक्स पण आहे.

पैसे स्वतःचे असतील तर विषय असा घ्या की ज्यात यंत्र दुसऱ्या कोणीतरी आधीच विकत घेतलेलं आहे. मी जुन्नर तालुक्यातला, आमच्या गावापासून जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या डिशा दिसतात, लहानपणी वाटायचं आत जायला पण परवानगी नसेल. एमएस्सी झाल्यावर कळलं की जीएमआरटीचा जुना डेटा ठरावीक काळानंतर सगळ्यांसाठी खुला होतो, ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रह-दुर्बिणीचाही अर्काइव्हमधून मिळतो, ताऱ्यांची मोजमापं घेणाऱ्या गाया उपग्रहाचा आहे, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या लायगोचा पण आहे. या सगळ्या दुर्बिणी आणि डिटेक्टर बांधायला किती पैसे लागले बघा, एकट्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होणाऱ्या लायगो इंडियाला सरकारने २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. आणि डेटा घेऊन काम करणाऱ्याला लागतो एक बरा कॉम्प्युटर आणि चांगला गाइड. मी कॉलेजात शिकवत शिकवत पार्टटाइम पीएचडी अशीच केली, रेडिओ आकाशगंगांवर, जुन्या निरीक्षणांतून. सहा वर्षं लागली. पहिलं वर्ष नुसतं डेटा साफ करायला शिकण्यात गेलं, मोबाइल टॉवरचा आणि विजेच्या तारांचा गोंगाट काढत बसायचो रात्र रात्र.

आणि एक, फुलटाइम जमत असेल तर फिजिक्समध्ये भारतात स्वतःचे पैसे घालायची वेळच येऊ नये असं माझं मत आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन फेलोशिप मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार अधिक घरभाडं भत्ता, दोन वर्षांनी तिची एसआरएफ (वरची पायरी) झाली की ४२ हजार. आयुका आणि एनसीआरए या पुण्यातल्या खगोलशास्त्राच्या संस्था आहेत, जेस्ट ही संशोधन संस्थांची सामायिक प्रवेश परीक्षा आहे. अभ्यास करायला दोन वर्षं लागली तरी चालतील, दीड कोटीपेक्षा दोन वर्षं स्वस्त.

गोदाकाठ :

सगळ्यांचे खूप आभार. प्रयोगवही, तुमचा हिशेब नवऱ्याला वाचून दाखवला, आम्ही दोघंही बराच वेळ गप्प बसलो होतो. आमच्या डोक्यात फीचा आकडा होता, बाकीचं नव्हतंच. सासऱ्यांना सकाळीच सांगितलं की प्लॉटचा विषय बंद. ते काही बोलले नाहीत, पण चहा झाल्यावर म्हणाले मग दुसरा रस्ता शोध, शोधायचं थांबवू नकोस.

तर शोधतेय. मेलचा मजकूर इथे टाकते, इंग्रजीत होता, आशय सांगते : आदरणीय प्रोफेसर, मी अमुक, मला उष्णता-वहन विषयात अतिशय रुची आहे, माझं शिक्षण असं असं, ९ वर्षांचा अनुभव, आपल्या नामवंत ग्रुपमध्ये संशोधनाची संधी मिळाल्यास मी पूर्ण मेहनत घेईन, सीव्ही जोडला आहे, सेल्फ फंडिंगची तयारी आहे. बस. हाच ४१ जणांना, नाव बदलून. यात नक्की काय चुकतंय?

प्रयोगवही :

ताई, रागावू नका, पण हा मेल उघडणाऱ्याला तुम्ही काय करू शकता त्यातलं काहीच कळत नाही. असे मेल त्यांना रोज येतात. तुमच्याकडे जे आहे ते फार थोड्या लोकांकडे असतं, ९ वर्षं तुम्ही खरे गरम होणारे डबे हाताळलेत. ते पहिल्या ओळीत आलं पाहिजे. मला सांगा, कामात असं काय पाहिलंत की ज्याचं उत्तर तुम्हाला पुस्तकात सापडलं नाही? अगदी छोटी गोष्ट चालेल.

गोदाकाठ :

आहे एक. दोन वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही इन्व्हर्टरचं मॉड्यूल फ्लोरिनवाल्या द्रवात बुडवून बघितलं होतं. मॉड्यूल टाकीत आडवं ठेवायचं होतं, पण जागा पुरेना म्हणून आम्ही उभं लावलं. उभं लावल्यावर काय झालं, खालच्या चिपवरून सुटलेले बुडबुडे वरच्या चिपला घासून वर जात होते, बाजूच्या काचेतून स्पष्ट दिसायचं, आधी मोत्यासारखे एकेक आणि लोड वाढवला की वरच्या चिपवर सलग एक पांढरा पडदाच. मला वाटलं वरची चिप जास्त तापणार. पण कमी लोडला ती उलट खालच्यापेक्षा २ डिग्री थंड होती, आणि लोड वाढवत नेला की एका ठिकाणी एकदम उलटं झालं, वरची भसकन तापायला लागली आणि आम्ही सप्लाय बंद केला. ते 'एका ठिकाणी' नक्की कुठे, हे कशावर ठरतं, हे मला आजपर्यंत नीट कोणी सांगितलं नाही. नंतर तो द्रव मिळणंच अवघड झालं, कारण ३एम कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलं की पीफास प्रकारची (म्हणजे ही फ्लोरिनवालीच) रसायनं बनवणं २०२५ अखेर बंद करणार, आणि ग्राहकाने पण ते काम थांबवलं. माझ्या वहीत सगळी रीडिंग आहेत अजून.

प्रयोगवही :

ताई!! हा तुमचा प्रोजेक्ट आहे. तुम्ही ४१ लोकांना सीव्ही पाठवत होता आणि ही वही कपाटात होती.

आता मेल असा लिहा, सात-आठ ओळी, जास्त नको. पहिलं वाक्य तेच, उभ्या मॉड्यूलवर कमी लोडला वरची चिप थंड का राहते आणि मग एकदम का उलटतं. कंपनीच्या परवानगीशिवाय आकडे देऊ नका, निरीक्षण शब्दात सांगा. दुसरं, त्यांच्या कुठल्या पेपरमधली कुठली आकृती याच्या जवळची वाटते आणि ती तुमच्या निरीक्षणाशी कुठे जुळते कुठे जुळत नाही. त्यासाठी पेपर खरंच वाचावा लागेल, एका मेलला दोन संध्याकाळी जातील, जाऊ द्या. तिसरं, प्रश्न, जुने द्रव बंद होतायत तर नवीन द्रवांत हाच प्रयोग करायचा तुमच्याकडे विचार आहे का, आणि हाय स्पीड कॅमेरा आणि बॉइलिंगची रिग सध्या वापरात आहे का. शेवटी एका वाक्यात फंडिंगबद्दल खरं ते, की मी फंडेड जागांसाठी अर्ज करणार आहे, काही भाग स्वतः उचलू शकते. सीव्ही दोन पानी.

कॅमेऱ्याचं मुद्दाम विचारायला सांगतोय. त्या प्रश्नाच्या उत्तरावरून लॅब चालू आहे का बंद ते कळतं. 'हो, पण तो जूनपर्यंत दुसऱ्या मुलाकडे बुक आहे' असं उत्तर आलं तर समजा चांगली जागा आहे.

ऱ्हाइनकाठ :

मी जर्मनीतून. थोडं वेगळं लिहितो कारण इथे मंडळी फक्त यूकेचं बोलतायत.

जर्मनीत पीएचडीला ट्यूशन फी नाही, सेमिस्टरचे थोडे पैसे असतात त्यात बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचा पास पण येतो. आणि इंजिनिअरिंगमध्ये बहुतेक मुलं पगारावर असतात, टीव्ही-एल ई१३ ही सरकारी पगाराची श्रेणी, इंजिनिअरिंगमध्ये बऱ्याचदा पूर्ण नोकरी, फिजिक्समध्ये अर्धी किंवा पाऊण. म्हणजे फी देण्याऐवजी पगार घेऊन तेच काम. त्याबदल्यात वर्ग घ्या, इंडस्ट्रीचे रिपोर्ट लिहा, हे असतं, इंजिनिअरिंगला चार-पाच वर्षं लागतात. पण तुमच्यासारख्या ९ वर्षं कंपनीत काढलेल्या माणसाला इथले प्रोफेसर जास्त मान देतात, कारण इथे इन्स्टिट्यूटचं अर्धं काम कंपन्यांबरोबर चालतं. स्वीडनमध्ये तर नियमच आहे की पूर्ण काळाचा आर्थिक बंदोबस्त असल्याशिवाय विद्यार्थी घेता येत नाही. डेन्मार्क, नॉर्वे, नेदरलँड्समध्ये पण पीएचडी म्हणजे बहुतेक वेळा नोकरीच, जाहिरात निघते आणि अर्ज करायचा.

जर्मन भाषा कामाला बऱ्याचदा लागत नाही, पण मुलीची शाळा, डॉक्टर, घरमालक यांच्यासाठी लागते, ते गृहीत धरा. आम्ही पहिल्या वर्षी मुलाच्या शाळेच्या प्रत्येक चिठ्ठीला शेजारच्या आजींकडे पळायचो.

सातपूर७ :

ताई मी पण नाशिकचाच. एक सावधगिरी. इथे आणि पुण्यात पण काही कन्सल्टंट 'पीएचडी प्रोजेक्ट मिळवून देतो, सुपरवायझर आमच्या ओळखीचा' म्हणून पैसे घेतात. माझ्या मित्राने दिले, सव्वा लाख, नाव लिहीत नाही. त्यांनी त्याला एक रिसर्च प्रपोजल लिहून दिलं आणि तेच प्रपोजल दुसऱ्या एका मुलानेही त्याच डिपार्टमेंटला पाठवलं होतं! दोघांनाही त्या डिपार्टमेंटमधून कायमचा नकार. प्रपोजल स्वतःचंच लिहायचं.

प्रयोगवही :

सातपूर७, बरोबर, आणि प्रपोजल स्वतःचं असण्याला अजून एक कारण आहे ते म्हणजे अ‍ॅटस. भारतीय विद्यार्थ्याला यूकेत फिजिक्स, इंजिनिअरिंग, मटेरियल्स अशा विषयांत पीएचडीला अ‍ॅटस सर्टिफिकेट लागतं, ते त्यांचं परराष्ट्र खातं देतं, फी नाही, पण तुमचा विषय नेमका काय आणि त्याचा कशासाठी उपयोग होईल हे बघतात. युनिव्हर्सिटीकडून ऑफर आल्यावर त्यांच्या शब्दातला संशोधनाचा मजकूर मिळतो, तो जसाच्या तसा भरायचा. एक-दोन महिने सहज जातात, उन्हाळ्यात जास्त. ते हातात आल्याशिवाय व्हिसाला अर्ज नाही. आणि नंतर विषय मोठा बदलला तर नवीन काढावं लागतं, म्हणून 'आधी जाऊ तर, मग विषय बदलू' हा विचार करू नका.

फंडेड जागांबद्दल राहिलंच. २०२१ पासून यूकेआरआयच्या जागा परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या आहेत, साधारण ३० टक्क्यांपर्यंत. २०२५-२६ ला किमान स्टायपेंड २०,७८० पाऊंड, त्यावर टॅक्स नाही, आणि होम फी (तिथल्याच विद्यार्थ्यांची) अन् परदेशी फी यातला फरक विद्यार्थ्याकडून घेत नाहीत. २०२४ मध्ये ६५ नवीन डॉक्टरल ट्रेनिंग सेंटर जाहीर झाली, इंजिनिअरिंग आणि फिजिकल सायन्सची, त्यातल्या बऱ्याच ठिकाणी हिवाळ्यात अर्जाची मुदत असते. म्हणजे आत्ताच. स्पर्धा जबरदस्त आहे, तरी अर्ज करा.

खडूफळा :

मी थोडा वयाने मोठा, इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो, ४७ व्या वर्षी पीएचडी झाली, भारतातच, पार्टटाइम, फी स्वतःची. मुली, तुला नोकरी न सोडता करायचं असेल तर हा मार्ग कमीपणाचा समजू नकोस.

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांत पार्टटाइमला परवानगी आहे, नोकरीवाल्याला कंपनीचं एनओसी लागतं, किमान ३ वर्षं आणि कमाल ६, पुढे मुदतवाढ, महिलांना आणखी दोन वर्षं जास्त मिळतात. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं. गाइडकडे जागा मोजक्या असतात, प्रोफेसरला ८, असोसिएटला ६, असिस्टंटला ४, त्यामुळे आपल्याला हवा तो गाइड मोकळा आहे का हे फोन करून, जमलं तर समोर जाऊन विचारावं. मी सलग तीन शनिवार गेलो होतो एका सरांकडे. पहिल्या दोन वेळेला ते भेटले नाहीत, तिसऱ्या वेळेला म्हणाले तुम्ही परत आलात म्हणजे कराल बहुतेक.

आणि तुझ्यासारखीसाठी सगळ्यात चांगलं म्हणजे बंगळुरूच्या आयआयएससीचा एक्स्टर्नल रजिस्ट्रेशन प्रोग्राम किंवा आयआयटीतली एक्स्टर्नल आणि स्पॉन्सर्ड कॅटेगरी. त्यात कंपनीत संशोधनाची सोय हवी आणि कंपनीतलाच एक पात्र को-गाइड लागतो. तुझी टाकी, तुझं मॉड्यूल, तुझी वही आधीच आहे. कंपनीने मनावर घेतलं तर रिग नाशिकमध्येच. मॅनेजमेंटशी बोललीस का?

गोदाकाठ :

सर, खरं सांगू, हे सुचलंच नव्हतं. कंपनीला न कळता जायचं असंच धरून चालले होते. सोमवारी आमच्या टेक्निकल डायरेक्टरना भेटायची वेळ मागते. को-गाइड हा प्रश्न आहे, आमच्याकडे पीएचडी झालेलं एकच माणूस आहे आणि ते पुण्याच्या ऑफिसला बसतात.

हिशेबी :

पैशाबद्दल एक बारीक मुद्दा कारण कोणी लिहिला नाही. बाहेर पैसे पाठवताना वर्षाला १० लाखांच्या वर स्वतःच्या खात्यातून पाठवले की बँक टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापते, ते रिटर्न भरताना परत मिळतं पण तोपर्यंत पैसे अडकतात. बँकेच्या शैक्षणिक कर्जातून पाठवले तर एप्रिल २०२५ पासून कापत नाहीत. आणि व्हिसासाठी जो खर्च दाखवायचा (लंडनबाहेर महिना १,१७१ पाऊंड, नऊ महिन्यांचा) तो खात्यात सलग २८ दिवस असावा लागतो, एक दिवस जरी कमी भरला तर अर्ज फेटाळला जातो. एफडी मोडायची तारीख त्या हिशेबाने ठरवा. जे. एन. टाटा एन्डाउमेंटची लोन स्कॉलरशिप पण बघा, १८९२ पासून चालू आहे. आणि अनुसूचित जातीतलं कोणी वाचत असेल तर राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेशी शिष्यवृत्ती पीएचडीलाही मिळते, फीसकट. माहिती नसल्यामुळे अर्ज न केलेली मुलं मी पाहिलीयत, फार वाईट वाटतं.

गोदाकाठ :

दीड महिन्याने लिहितेय, उशिराबद्दल माफ करा. घडलं बरंच.

नवीन पद्धतीने फक्त ९ मेल केले, प्रत्येकाला वेगळा. ५ उत्तरं आली! एका मॅडमनी तर मेलच्या खाली स्वतः चित्र काढून पाठवलं, दोन चिपा आणि बुडबुड्यांचे बाण, आणि विचारलं की तुमच्या टाकीत द्रवाची पातळी वरच्या चिपपासून किती उंच होती. मी वही काढली, ११ सेंटिमीटर. त्यांचं म्हणणं की तेही एक कारण असू शकतं. त्यांच्याशी ४० मिनिटं कॉल झाला. कॅमेऱ्याचं विचारलं तर म्हणाल्या कॅमेरा आहे, पण मार्चपर्यंत एका मुलीकडे आहे (प्रयोगवही, मला लगेच तुम्ही आठवलात). त्यांनी स्पष्ट सांगितलं की सेल्फ फंडेड म्हणून आत्ता येऊ नका, त्यांच्या डिपार्टमेंटची फंडेड फेरी आहे तिथे अर्ज करा, मी पाठिंबा देईन पण शब्द देऊ शकत नाही. अर्ज ९ जानेवारीला गेला.

जर्मनीत दोन जाहिरातींना अर्ज केलेत, एकाचं उत्तर आलं नाही, एकाकडून पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे.

आणि डायरेक्टर साहेबांशी बोलले. मी खूप घाबरत गेले होते. त्यांनी वही मागितली, पानं उलटली, आणि म्हणाले हे काम थांबवलं ते चुकलंच आपलं. एक्स्टर्नलसाठी एनओसी द्यायला तयार आहेत, टाकी स्टोअरमधून बाहेर काढायला सांगितली. को-गाइडसाठी पुण्याच्या सरांना ते स्वतः फोन करणार आहेत. नवीन द्रव म्हणून कुठलं तेल वापरायचं यावर आम्ही दोघं तासभर बोलत होतो, ते उकळतच नाही सहजासहजी, मग प्रश्नच बदलतो, पण तो पण प्रश्न चांगला आहे.

काल टाकी धुतली. काच बदलावी लागणार आहे, एका कोपऱ्यात तडा गेलाय. कोणाला नाशिकमध्ये १२० डिग्रीपर्यंत टिकणारी बोरोसिलिकेट काच कापून देणारं माहिती असेल तर कृपया सांगा, माप ३०० बाय २०० मिमी, जाडी ८.

सातपूर७ :

ताई, त्र्यंबक रोडला एक जण लॅबची काच कापून देतो, मी उद्या जाऊन ८ मिमी आहे का विचारून येतो. मापाचा कागद व्हॉट्सअ‍ॅप करा.